चेंडू वाटले, मुले किती टिकली?

१५ सप्टेंबर २०१७ रोजी महाराष्ट्रातील दहा लाख मुलामुलींनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा, असा संकल्प राज्य शासनाने सोडला होता. ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’ असे त्याचे नामकरण झाले होते. पुढच्याच महिन्यात सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक फुटबॉल स्पर्धा भारतात प्रथमच भरायची होती आणि तिच्या निमित्ताने हा खेळ गावोगाव पोहोचावा, हा त्यामागचा हेतू होता. शाळांना चेंडू देण्यात आले, मुले मैदानावर उतरली, पुढाऱ्यांनी आणि अधिकाऱ्यांनी चेंडूला पाय लावला. पुढे स्पर्धाही यथासांग पार पडली. सहा शहरांत मिळून १३,४७,१३३ प्रेक्षकांनी ती पाहिली आणि या वयोगटाच्या विश्वचषकातील तो उच्चांक ठरला.

प्रेक्षक असे शेवटच्या माणसापर्यंत मोजले गेले. ज्या मुलांच्या हाती त्या दिवशी चेंडू आला, त्यांतील किती मुले पुढचा पावसाळा सरल्यावर खेळत होती, हा प्रश्न मात्र सार्वजनिक चर्चेत फारसा आलाच नाही. तिकिटे विकली जातात म्हणून ती मोजली जातात. मुलांचा खेळ विकला जात नाही, म्हणून त्याची मोजदाद कुणाला निकडीची वाटत नाही. सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या क्रीडा उपक्रमांचे यश कशावरून ठरवायचे, हा प्रश्न म्हणूनच वरवर वाटतो तितका तांत्रिक नाही. जे माप लावले जाते, तसाच उपक्रम हळूहळू घडत जातो. एका दिवसाची गर्दी हे माप असेल, तर गर्दी जमेल. पदक हे माप असेल, तर पदक मिळवू शकणारी चार मुले निवडली जातील आणि उरलेली घरी पाठवली जातील.

योजना बदलल्या, माप तेच

या मापाचा इतिहास जुना आहे. २००८-०९ साली केंद्र शासनाने ‘पंचायत युवा क्रीडा और खेल अभियान’ सुरू केले. ‘पायका’ या नावाने ते ओळखले गेले. मैदान तयार करण्यासाठी ग्रामपंचायतीला एकरकमी एक लाख रुपये आणि ते चालते ठेवण्यासाठी ‘क्रीडाश्री’ नावाचा एक मानसेवी कार्यकर्ता, अशी त्याची रचना होती. या क्रीडाश्रीला गावपातळीवर महिना पाचशे रुपये मानधन ठरले होते. एक लाखाचे मैदान आणि पाचशे रुपयांचा माणूस, या प्रमाणातच योजनेचा दृष्टिकोन स्पष्ट होतो. मैदान एकदा झाले की छायाचित्रात दिसते आणि खर्चाचा दाखला देता येतो. त्या मैदानावर रोज संध्याकाळी मुलांना जमवणारा माणूस छायाचित्रात मावत नाही. २०१४ साली पायकाची जागा ‘राजीव गांधी खेल अभियान’ या योजनेने घेतली आणि पुढे तीही ‘खेलो इंडिया’मध्ये विलीन झाली.

राज्याच्या पातळीवरही चित्र वेगळे नाही. २०२२ साली तालुका क्रीडा संकुलासाठीच्या अनुदानाची मर्यादा एक कोटीवरून पाच कोटी रुपये करण्यात आली. त्याच वर्षी जर्मनीतील बायर्न म्युनिक या क्लबशी करार होऊन पुढील वर्षी राज्यभरातून निवडलेली वीस मुले म्युनिकला प्रशिक्षणासाठी गेली. २०२५ च्या डिसेंबरात ‘महादेवा’ योजनेखाली निवडलेल्या तेरा वर्षांखालील साठ मुलामुलींचा मुंबईच्या वानखेडे मैदानावर लिओनेल मेस्सी याच्या उपस्थितीत गौरव झाला. त्यांपैकी तीस मुली आहेत, ही त्यातली विशेष समाधानाची बाब होय. गुणी मुलांना हेरून त्यांना संधी देणे यात गैर काहीच नाही. कोल्हापूरचा अनिकेत जाधव शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि २०१७ च्या विश्वचषकात भारताकडून खेळला, हेही विसरता येणार नाही. परंतु वीस किंवा साठ मुलांची निवड हे एका प्रकारचे काम आहे आणि लाखो मुलांना खेळाची सवय लावणे हे दुसऱ्या प्रकारचे. पहिल्याच्या यशाचे माप दुसऱ्याला लावले, की दुसरे काम कायमच अपयशी दिसते आणि त्याचा निधी सर्वांत आधी कापला जातो.

नेवाशाचा तालुका

हा फरक समजून घेण्यासाठी राजधानीपेक्षा एखादा तालुका डोळ्यांसमोर ठेवणे उपयुक्त ठरेल. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासा घ्यावा. प्रवरेच्या काठी, जेथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली, ते हे गाव. २०११ च्या जनगणनेनुसार तालुक्याची लोकसंख्या साडेतीन लाखांच्या आसपास होती. भेंडा येथील ज्ञानेश्वर आणि सोनई येथील मुळा या सहकारी साखर कारखान्यांनी या भागाचे अर्थकारण घडवले. येथील मुलांचे खेळ म्हणजे कबड्डी, कुस्ती, खो-खो आणि अलीकडे सर्वत्र पसरलेले क्रिकेट. फुटबॉल हा येथील परंपरेतला खेळ नव्हे.

कोल्हापूरशी तुलना केली की या गोष्टीचे महत्त्व ध्यानात येते. तेथे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार यांसारख्या तालमींचे संघ पिढ्यान्‌पिढ्या खेळत आले आहेत आणि राजर्षी शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठा ओस पडतात. तेथे शासनाने एक पैसाही खर्च केला नाही, तरी मुले चेंडूमागे धावणारच. म्हणून कोल्हापुरात एखादा शासकीय उपक्रम राबवून ‘पाच हजार मुले खेळली’ असा अहवाल दिला, तर त्यातील शासनाचे श्रेय किती, हे सांगणे अवघड आहे. उलट नेवाशात पन्नास मुली तीन वर्षे सलग फुटबॉल खेळत राहिल्या, तर ते जवळजवळ सर्वस्वी त्या उपक्रमाचे फळ मानावे लागेल. अहवालात मात्र पाच हजार हा आकडा मोठा आणि पन्नास हा लहान दिसतो. उपक्रम नसता तर काय झाले असते, हा प्रश्न विचारल्याशिवाय कोणताही आकडा बोलका होत नाही.

आणखी एक गोष्ट या तालुक्यात प्रकर्षाने जाणवते. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळा लागेपर्यंत चालतो. या काळात बीड जिल्ह्यातून आणि पाथर्डीसारख्या दुष्काळी भागातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात आणि कोप्या घालून राहतात. काळ्या मातीच्या या प्रदेशात पावसाळ्यात मैदान म्हणजे चिखल असतो. खेळायला योग्य असे दिवस हिवाळ्याचेच. म्हणजे ज्या महिन्यांत खेळता येते, नेमक्या त्याच महिन्यांत ही मुले तालुक्यात असतात. पण त्यांतील पुष्कळांची नावे गावाकडच्या शाळेच्या पटावर असतात आणि येथील पटावर नसतात. पटसंख्येवर आधारलेला क्रीडा उपक्रम या मुलांना पाहूच शकत नाही. चेंडू शाळेच्या कपाटात आणि मुले उसाच्या फडात, असे हे विचित्र चित्र आहे. शाळेच्या पटाशी संबंध न ठेवता जो येईल त्याला खेळू देणाऱ्या मैदानावरच या मुलांना जागा मिळू शकते, आणि अशी किती मुले मैदानावर आली हे मोजले गेले तरच ती मिळेल.

संघ कसा बनतो?

खेळाने जातिभेद मिटतात, असे वाक्य प्रत्येक उद्घाटनाच्या भाषणात ऐकू येते. नेवासा तालुक्याने या प्रश्नाचे दाहक रूप पाहिले आहे. २०१३ च्या जानेवारीत सोनई परिसरात तीन दलित तरुणांची हत्या झाली आणि २०१८ साली नाशिकच्या सत्र न्यायालयाने त्या प्रकरणी सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. फुटबॉलचे एखादे मैदान असते तर हे टळले असते, असे म्हणणे बालिशपणाचे ठरेल. पण जेथे गावठाण आणि वस्ती यांच्यामधले अंतर असे प्राणघातक होऊ शकते, तेथे सार्वजनिक पैशाने उभा राहिलेला खेळ हे अंतर कमी करतो की वाढवतो, हे तपासणे कर्तव्यच ठरते.

ते तपासता येते, हे सिद्ध झाले आहे. मॅट लोव या अर्थशास्त्रज्ञाने उत्तर प्रदेशातील खेड्यांत वेगवेगळ्या जातींच्या बाराशेहून अधिक तरुणांना घेऊन एक प्रयोग केला. कोणी क्रिकेटच्या साखळी स्पर्धेत खेळायचे आणि कोणाच्या संघात खेळायचे, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवण्यात आले. २०२१ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जे तरुण अन्य जातींच्या खेळाडूंबरोबर एकाच संघात खेळले, त्यांच्यात जातीपलीकडच्या मैत्रीचे प्रमाण वाढले आणि स्वजातीला झुकते माप देण्याची वृत्ती कमी झाली. अन्य जातींचे खेळाडू ज्यांना मुख्यतः प्रतिस्पर्धी म्हणून भेटले, त्यांच्या बाबतीत परिणाम बहुधा उलट दिसला. इराकमध्ये सल्मा मूसा या संशोधिकेने युद्धाने विस्थापित झालेल्या ख्रिस्ती खेळाडूंच्या काही फुटबॉल संघांत मुस्लिम खेळाडू मिसळून असाच अभ्यास केला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मैदानावरचे वर्तन सुधारले. पण मैदानाबाहेरच्या अनोळखी माणसांशी वागण्यात तेवढा फरक पडला नाही.

या दोन अभ्यासांचा बोध व्यवहारी आहे. गल्लीवार किंवा वस्तीवार संघ बनवून त्यांच्यात सामने लावले, तर खेळ जुन्याच भिंतींना नवा रंग देईल. मिश्र संघ बनवले, तर काही भिंती निदान मैदानापुरत्या खाली येतील. तेव्हा उपक्रमाच्या अहवालात किती सामने झाले याबरोबरच संघ कसे बनवले गेले याची नोंद हवी. ही नोंद करण्यास एक रुपयाही लागत नाही.

चार प्रश्न

मग तालुक्याच्या पातळीवर मोजायचे काय? पहिला प्रश्न टिकण्याचा. एका गावात पहिल्या महिन्यात साठ मुले आली आणि तिसऱ्या वर्षी त्यांतील बारा उरली. दुसऱ्या गावात तीस आली आणि चोवीस उरली. आजच्या पद्धतीने पहिले गाव यशस्वी ठरते. वास्तविक पाचातील चार मुले टिकवणारे दुसरे गाव शिकण्याजोगे आहे आणि पहिल्या गावातील अठ्ठेचाळीस मुले का गेली, हे विचारण्याजोगे आहे. शेतीचे काम, मुलींवर आलेली बंधने, दहावीचे वर्ष, प्रशिक्षकाची शिवराळ भाषा, फुटलेला चेंडू न बदलला जाणे, यांपैकी कोणतेही कारण असू शकेल आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे.

दुसरा प्रश्न खर्चाचा. समजा, एका गावात मानधन आणि साहित्य मिळून वर्षाला वीस हजार रुपये खर्च झाले आणि तीस मुले आठवड्यातून चार दिवस, रोज एक तास, वर्षातले चाळीस आठवडे खेळली. म्हणजे मुलांच्या खेळाचे ४,८०० तास झाले आणि प्रत्येक तासाला सव्वाचार रुपयांहूनही कमी खर्च आला. तेच वीस हजार रुपये मंडप, ध्वनिक्षेपक आणि सत्कारासह एका दिवसाच्या महोत्सवावर खर्च करून दोनशे मुले दोन तास खेळवली, तर ४०० तास होतात आणि दर तासाला पन्नास रुपये पडतात. हे गणित सातवीतल्या विद्यार्थ्यालाही करता येईल; ते केले जात नाही, कारण महोत्सवाला पाहुणे येतात.

तिसरा प्रश्न, कोण खेळले याचा. केवळ तासाचा खर्च पाहिला, तर मुलींना आणि कोपीवरच्या मुलांना वगळण्याचा मोह होईल. मुलींना अंधार पडण्यापूर्वी घरी पोहोचवणे, पालकांची समजूत घालणे, दूरच्या मुलांकडे माणूस पाठवणे, यांना पैसा आणि वेळ लागतो. म्हणून एकूण संख्येबरोबर मुली किती, वस्तीवरची मुले किती, पटाबाहेरची किती, हे वेगळे सांगितले पाहिजे. एक आकडा दुसऱ्याला ताळ्यावर ठेवतो, म्हणून आकडे एकटे नकोत.

चौथा प्रश्न तुलनेचा. तालुक्यातील सर्व गावांना पहिल्याच वर्षी निधी पुरत नाही, हे उघड आहे. मग कोणत्या गावांना आधी घ्यायचे, हे पुढाऱ्याच्या वजनावर ठरवण्याऐवजी ग्रामस्थांसमोर चिठ्ठ्या टाकून ठरवावे. ते न्याय्य होईल, आणि पहिल्या वर्षी वगळलेल्या गावांशी तुलना करून उपक्रमाने खरोखर काय साधले, हेही कळेल.

साडेतीन लाखांचा देश

यावर कोणी म्हणेल की, अशी मोजदाद श्रीमंत देशांना परवडते. आइसलँड हा देश श्रीमंत आहे खरा. पण त्याची लोकसंख्या नेवासा तालुक्याएवढीच आहे. १९९० च्या दशकात तेथील किशोरवयीन मुलांमध्ये दारूचे प्रमाण चिंताजनक झाले होते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुले १९९८ साली आदल्या महिन्याभरात दारूच्या नशेत गेलेली आढळली. शासनाने आणि नगरपालिकांनी संघटित खेळ व छंदवर्गांवर पैसा खर्च केला, पालकांच्या संघटना उभ्या केल्या, रात्री मुलांनी बाहेर राहण्यावर निर्बंध आणले. २०१६ साली ते प्रमाण ५ टक्क्यांवर आले. यात खेळाचा वाटा किती आणि इतर उपायांचा किती, हे काटेकोरपणे वेगळे करता येत नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, ठरलेल्या प्रश्नावलीने मुलांनाच वारंवार विचारले गेले आणि उत्तरे काही महिन्यांत स्थानिक शाळांपर्यंत व पालकांपर्यंत परत आली. त्याच देशाचा फुटबॉल संघ २०१६ साली इंग्लंडला हरवून युरोपीय स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत गेला आणि २०१८ साली विश्वचषकात उतरणारा तोवरचा सर्वांत लहान देश ठरला. पदकामागे न लागताही मैदाने भरली, की खेळाडू निपजतात, एवढे यावरून म्हणता येईल.

मोजणाऱ्याचा विचार

आक्षेप आणखी दोन आहेत आणि ते दुर्लक्षण्याजोगे नाहीत. पहिला शिक्षकांचा. जनगणनेपासून निवडणुकीपर्यंतची कामे आणि ऑनलाइन माहितीचे रकाने यांनी शिक्षक आधीच वाकला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेला क्रीडांगण आणि शंभराहून अधिक पट असलेल्या उच्च प्राथमिक शाळेला शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक अपेक्षिला आहे. प्रत्यक्षात जिल्हा परिषदेच्या शाळेत हे काम बहुधा वर्गशिक्षकावरच पडते. तेव्हा मोजदादीसाठी नवा तक्ता त्याच्या माथी मारणे हा अन्याय होईल. लागते ती एका पानाची हजेरी, आणि ती मैदान चालवणाऱ्या मानधनी कार्यकर्त्याने ठेवावी. वर्षातून दोनदा, आगाऊ न कळवता, महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेतील विद्यार्थ्यांनी दुसऱ्या गावच्या मैदानावर जाऊन मुले मोजावीत. आणि १ मेच्या ग्रामसभेत ते पान मोठ्याने वाचून दाखवावे. आपला मुलगा खेळतो की नाही, हे गावाला जिल्हा कचेरीपेक्षा अधिक नेमके ठाऊक असते.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. माप हेच ध्येय झाले, की ते माप म्हणून निरुपयोगी होते, असा इशारा चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ साली दिला होता. महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. खेळाडूंना परीक्षेत वाढीव गुण आणि शासकीय नोकरीत पाच टक्के आरक्षण देण्याचे धोरण चांगल्या हेतूने आले. पाठोपाठ बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस आली. जेथे कागदाला मोल आले, तेथे कागद तयार झाले. म्हणून मैदानावरच्या हजेरीला कोणतेही बक्षीस किंवा शिक्षा जोडता कामा नये. मुले कमी झाली म्हणून गावाचा निधी तोडला, तर पुढच्या वर्षी हजेरीत मुले वाढलेली दिसतील आणि मैदान रिकामेच राहील. कमी झालेल्या आकड्याचे उत्तर निधीकपात हे नसून चौकशी हे असले पाहिजे.

मुलांच्या आनंदाला माप कशाला, असेही विचारले जाईल. आनंद मोजता येत नाही, हे खरेच. परंतु ज्या मुलाला खेळायला मिळतच नाही, त्याचा आनंद हा प्रश्नच उद्भवत नाही. आणि कोणाला खेळायला मिळते, किती दिवस मिळते, हे मोजता येते. न मोजलेला आनंद अंदाजपत्रकाच्या वेळी कोणाच्याही लक्षात राहत नाही, असा आजवरचा अनुभव आहे.

२०१७ साली चेंडूला पाय लावणारी दहा वर्षांची मुलगी २०२६ साली एकोणीस वर्षांची होते. तिने तो खेळ चालू ठेवला असेल, सोडला असेल, किंवा त्या एका दिवसानंतर चेंडूच पाहिला नसेल. शासनाने त्या दिवसाचा जमाखर्च पूर्ण झाला असे मानले, तरी तिच्या बाजूने तो अद्याप अपुराच आहे. पुढील योजनेची घोषणा होईल, तेव्हा चेंडू किती वाटणार हे विचारण्याआधी तीन वर्षांनंतर मुले मोजायला कोण येणार, हे गावकऱ्यांनी आणि शिक्षकांनी विचारले पाहिजे.